मेण लावलेलं चाक

डोळे मिटा, असं म्हणणार होते. पण डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा डोळे उघडेच असू द्यात. फक्त कल्पना करा, की तुम्ही एका जुन्या निळ्या पिकअपमध्ये, गाडी चालवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसला आहात. उजाडलंय, पण धुकं अजून रस्त्यावरून उठलेलं नाही. समोर रस्ता थोडासाच दिसतो, आणि जेवढा दिसतो तेवढाच तो आहे असं वाटतं. मागे हौद्यात बारा लाकडी पेट्या आहेत, पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या. आणि त्या बाराही पेट्या गात आहेत.

गात म्हणजे शब्द नाहीत हं. कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा एक लांबच लांब 'म्म्म'. पाठ सीटला टेकली की ते गाणं पाठीतून आत येतं, बरगड्यांमधून फिरतं आणि कानाशी येऊन थांबतं. मग गाडी रस्त्यावरून चालली आहे की रस्त्याच्या वीतभर वरून तरंगत चालली आहे, हे नीटसं सांगता येत नाही.

पेट्यांमध्ये मधमाश्या होत्या. आणि तुमच्या जागी खरं तर एक नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी पाच मिनिटं बसणं तिला कधी जमलंच नाही. गाडी चालवत होती तिची मावशी. एका बागेतला फुलोरा संपला की पेट्या उचलायच्या आणि नव्यानं फुलू लागलेल्या बागेत नेऊन ठेवायच्या, हे मावशीचं काम. आदल्या संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर तिनं पेट्यांची दारं जाळीनं बंद केली होती. आता ऊन तापायच्या आत डोंगरउतारावरच्या बागेत पोचायचं आणि दारं उघडायची.

"उशीर झाला तर?" भिंगरीनं निघतानाच विचारलं होतं.

"तर आत उकडायला लागतं. माश्या पंखांनी वारा घालत राहतात, घालत राहतात, आणि दमून जातात. वर पोळं मऊ पडून त्यांच्याच अंगावर कोसळतं. अकराच्या आत पोचायचं, बस. आणि तू अशुभ बोलू नकोस."

अशा प्रवासाला भिंगरी पहिल्यांदाच आली होती. त्यासाठी तिनं गेला महिनाभर मावशीचं शेपूट होऊन काम केलं होतं. चौकटी पुसल्या, जाळ्या धुतल्या, भांड्यात मेण वितळवलं. मेण हे तिचं सगळ्यात आवडतं काम. त्या घरात मेण कशाला लावत नसत? कपाटाचा खण अडकला, लाव मेण. खिडकी कुरकुरली, लाव मेण. दप्तराची चेन, करवतीचं पातं, सगळ्याला मेण. मावशी म्हणायची, "मेण लावलं की वस्तू शहाण्यासारखी वागते."

म्हणून आठ दिवसांपूर्वी काय झालं ते ऐका. मावशीनं गाडीची डावीकडची दोन्ही चाकं काढली होती, पुढचं मागे आणि मागचं पुढे लावायला. चाकांत हवा भरून आणायला ती कोपऱ्यावर गेली. मागे राहिले दोन उघडे हब, म्हणजे ज्याच्यावर चाक बसतं तो लोखंडी गोल भाग. प्रत्येकातून सहा जाड खिळे बाहेर आलेले, आटे पाडलेले. त्यांना स्टड म्हणतात. त्यांच्यावर नट आवळून चाक पक्कं करतात. भिंगरीला ते गंजके गोल बघून कसंसंच झालं. बिचारे कोरडे, कुणी कधी त्यांना काही लावलंच नाही. तिनं मेणाची वडी आणली आणि दोन्ही हबांना, स्टडना, सगळीकडे चांगला जाडसर थर चोळला. मावशीला सांगायचं नाही, असं ठरवलं. गाडी छान पळाली की मग सांगायचं. मावशी परतली तोवर अंधारून आलं होतं. तिनं घाईघाईनं चाकं चढवली आणि दोघी जेवायला गेल्या.

आता पुन्हा धुक्यात या.

"मावशी," भिंगरी म्हणाली, "गाणं बदललं."

"कोणतं गाणं?"

"ऐक ना. मध्ये मध्ये कुणीतरी टाळ्या वाजवतंय."

मावशीनं खिडकीची काच खाली केली. गुणगुण होतीच, पण तिच्या खालून आवाज येत होता, टक... टक... टक. गाडी डावीकडे डुगडुगायला लागली. मावशीनं वेग अगदी कमी केला. मग 'ठण्' असं काहीतरी रस्त्यावर पडून उड्या मारत धुक्यात निघून गेलं.

"संपलं," मावशी म्हणाली. ती खाली उतरून मागच्या डाव्या चाकाशी वाकली, आणि वर आली तेव्हा तिचा चेहरा धुक्यासारखाच झाला होता. "सहातले दोन स्टड तुटलेत. तिसऱ्याचा नट गेला."

भिंगरीनं दोन्ही हात मांडीखाली सारले. तिला एकदम आपल्या बोटांना मेणाचा वास येतोय असं वाटलं.

नशीब एवढंच, की पुढच्याच वळणावर एक गॅरेज होतं. मुंगीच्या पावलांनी गाडी तिथवर आली. पत्र्याचं छप्पर, समोर मोकळं अंगण, भिंतीवर टांगलेले पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, जणू एकाच घरची भावंडं. मिस्त्री अंगणात बसून चहा पीत होते. त्यांना सगळे सावकाश मिस्त्री म्हणत. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, मग उरलेला चहा प्यायले, आणि मग बोलले.

"ताई, मागे काय नेताय? जिवंत आहे का?"

"साठ-सत्तर हजार जीव आहेत एकेका पेटीत. आणि अकराच्या आत त्यांना बागेत पोचवायचंय. मिस्त्री, आज जरा तुमचं नाव बदला."

"नाव बदललं की चाकं निघतात, ताई. कामाला लागतो."

त्यांनी गाडी पत्र्याच्या सावलीत घेतली, जॅकनं उचलली, खाली लोखंडी घोडी लावली आणि चाक काढलं. मावशीनं विचारलं, "पेट्या उतरवून आत ठेवू का?"

"गाडी घोडीवर आहे. हौद्यात चढून ओढाताण नको. सावली आहे तोवर जीव सावलीतच आहेत."

सावली होती खरी. पण धुकं विरत चाललं होतं, आणि अंगणाच्या टोकाला ऊन येऊन बसलं होतं. रांगणाऱ्या बाळासारखं ते हळूहळू पुढे सरकत होतं.

मिस्त्रींनी चाक आडवं ठेवून त्याची भोकं दाखवली. "ये, भिंगरीबाई. ही भोकं गोल असायला हवीत. कशी झाली आहेत?"

"लांबट."

"चाक स्टडवर हलत राहिलं, घासत राहिलं. हे चाक आता निवृत्त. तुमची स्टेपनी लावू. आणि स्टड सहाच्या सहा बदलायचे."

"गेलेत तीनच की," मावशी घड्याळ बघत म्हणाली.

"तिघांनी काम सोडलं तेव्हा त्यांचा भार कुणी उचलला? उरलेल्या तिघांनी. ते उभे दिसतात, पण आतून ताणले गेलेत. आज नाही तुटले, तर उद्या उतारावर तुटतील."

मावशीनं हात जोडले. "बदला. सगळे बदला."

मिस्त्रींनी ब्रेकचा ड्रम ओढून काढला, आणि ते थबकले. हबच्या तोंडावर काळपट, चिकट थर होता. त्यांनी बोटावर घेऊन चोळला. "हे कुठून आलं? आतलं ग्रीस अडवणारं सील गळलं असेल. पण सील तर कोरडं ठणठणीत दिसतंय." त्यांनी बोट नाकाशी नेलं. "वास मधाचा येतोय."

"आमच्या गाडीला सगळीकडूनच येतो तो," मावशी म्हणाली. "माझ्या चपलेलासुद्धा येतो. मिस्त्री, ते सील-बील पुन्हा कधीतरी बघू. नट मीच आवळले होते. माझाच हात कमी पडला असणार. वय झालं, दुसरं काय!"

भिंगरीनं मावशीच्या हातांकडे पाहिलं. मधानं भरलेली पेटी एकटीनं उचलणारे हात होते ते. सांगितलं, तर मावशी पुन्हा कधी बरोबर आणेल? मेणाची वडी तरी हातात देईल? आणि मिस्त्री तर आता तो थर पुसतच होते. म्हणजे सांगायला उरलं तरी काय होतं?

मिस्त्रींनी तारेच्या ब्रशनं हबचं तोंड लख्ख केलं. मग तुटक्या स्टडच्या टोकावर हातोडा घातला. एक, दोन, आणि स्टड मागच्या बाजूनं टपकन खाली पडला. हब थोडा फिरवायचा, मागे जागा आली की पुढचा स्टड. असे सहाही काढून त्यांनी एका डब्यातून नवे शोधले. जुन्याशेजारी नवा धरून लांबी बघितली, जाडी बघितली, डोक्याखालचे दाते मोजले.

"हे दाते हबच्या भोकात रुतून बसतात," त्यांनी भिंगरीला दाखवलं. "म्हणजे नट आवळताना स्टड जागच्या जागी गरगर फिरत नाही. ठोकून बसवायचा नाही, ओढून बसवायचा. हे बघ." नवा स्टड मागून घातला, पुढून दोन-तीन जाड वॉशर, त्यावर नट उलटा, आणि पाना फिरवायला सुरुवात. नट जसजसा फिरे, तसतसा स्टड हळूहळू पुढे येई. शेवटी त्याचं डोकं मागे हबला टेकलं. "आला घरी."

असा दुसरा. मग तिसरा. पान्याची कुरकुर, पेट्यांची गुणगुण. भिंगरी भिंतीशी एका रिकाम्या पोत्यावर बसली होती. पहाटेची उठलेली, त्यात ते गाणं. डोळे उघडे होते की मिटले होते, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिला दिसलं, की सगळ्या जगाला कुणीतरी मेण लावलं आहे. भिंतीवरचे पाने एकामागून एक गुळगुळीत घसरले आणि आवाज न करता अंगणातून निघून गेले. पत्र्याचं छप्पर कपाटाच्या खणासारखं सर्रकन बाजूला सरकलं. सूर्य आभाळातून घरंगळत चालला, त्याला कुठे थांबताच येईना. सगळं किती सोपं, किती छान चाललं होतं! नुसतं थांबत काही नव्हतं. निळी गाडी उतारावरून निघाली, आणि तिची चारही चाकं चार वाटांना लागली, बदकांसारखी, मागे वळूनसुद्धा न बघता. भिंगरीनं मावशीचा हात धरला. तो तिच्या बोटांतून साबणासारखा निसटला.

"हेही सैल निघाले की!"

मिस्त्रींच्या आवाजानं ती दचकली. मागचं चाक चढलेलं होतं, नवेकोरे सहा स्टड नटांमधून डोकं काढून बघत होते. मिस्त्री आता पुढच्या डाव्या चाकाशी वाकले होते. "बाकीचे नट जरा आवळून बघत होतो. या चाकाचा एकेक नट अर्धा वेढा फिरला. असू दे, आता घट्ट झाले. काढतो घोडी."

ऊन सगळ्यात मागच्या पेट्यांवर चढलं होतं. त्यांचं गाणं उंच झालं होतं, पातळ झालं होतं. मावशी एका पेटीला कान लावून उभी होती. "वारा घालतायत जोरात. चला, मिस्त्री, चला. आणखी एक मिनिट नको."

बघा, आता तुम्हीच सांगा. बोललं तर वेळ जाणार, आणि तो वेळ कुणाचा जाणार? मावशीचा नाही, मिस्त्रींचा नाही. आतल्या माश्यांचा. नाही बोललं तर गाडी आत्ता निघेल, वारा लागेल, माश्या थंड होतील. आणि चाकाखाली मेण तसंच राहील.

"तिथंही आहे," भिंगरी म्हणाली.

तिचा आवाज इतका लहान होता की कुणी ऐकला नाही. मग ती उठली, पुढच्या चाकासमोर गेली, आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. "घोडी काढू नका. ह्याच्या आतही मेण आहे. मीच लावलंय. दोन्हीकडे."

मावशी वळली. "मेण? चाकाला?"

"चाकं काढली होतीस ना, तेव्हा. स्टडना पण, त्या गोलाला पण. ते शहाण्यासारखं वागावं म्हणून." आणि तिला रडू आलं. "तुझा हात कमी नाही पडला."

पेट्या गात होत्या. मावशीनं एकदा उन्हाकडे बघितलं, एकदा भाचीकडे.

"मिस्त्री," ती म्हणाली, "काढा ते चाक. मी पाणी आणि पोती आणते."

"ओली पोती टाका वर, आणि जाळीवर पाणी शिंपडा. पाव तासात देतो," सावकाश मिस्त्री म्हणाले. आणि त्या दिवशी ते पहिल्यांदाच भरभर हलले.

पुढची बाजूही जॅकवर चढली, चाक निघालं. आत पिवळसर थर होता, कडेनं काळा पडलेला. मिस्त्रींनी स्टड एकेक करून बोटांनी चाचपले, प्रत्येकावर नट हातानं फिरवून पाहिला. "हे वाचले. आटे शाबूत आहेत. पण बागेच्या उतारावर काही हे तुम्हाला पोचू देत नव्हते." त्यांनी एक ब्रश भिंगरीच्या हातात दिला. "घे. लावलंस तू, काढायचं तूच. मी इकडून, तू तिकडून."

भिंगरी नाक ओढत घासू लागली.

"लबाडी केलीस का तू?" मिस्त्री घासता घासता म्हणाले. "नाही. प्रेमच केलंस. पण ऐक, खणाला काय करायचं असतं?"

"सरकायचं."

"आणि चाकाला हबवर?"

भिंगरीनं विचार केला. "सरकायचं नसतं."

"हां. चाक रस्त्यावर कितीही फिरू दे, हबवर ते केसभरही हलता कामा नये. लोखंडानं लोखंडाला घट्ट मिठी मारायची, आणि ही मिठी सहा जणांनी ओढून धरायची. मध्ये तू मेण घातलंस. ब्रेक तापले, मेण वितळलं, मिठी सैल झाली. मग चाक हलायला लागलं आणि बिचाऱ्या स्टडना वाकवत बसलं."

"हिला मेणाचं वेड मीच लावलं," मावशी पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली. "उद्या माझ्या डोक्यालाही लावेल."

"तुझं डोकं कुरकुरतं का?" भिंगरीनं विचारलं, आणि मावशीला हसू फुटलं. मग भिंगरीलाही.

चाक बसलं. मिस्त्रींनी नट आधी हातानं फिरवले, मग पान्यानं. एक वरचा, मग बरोबर त्याच्या समोरचा खालचा. मग शेजारचा, मग त्याच्या समोरचा. "ओळीनं आवळलं तर चाक एका अंगाला कलतं," ते म्हणाले. घोडी निघाली, गाडी जमिनीवर आली, आणि त्यांनी सगळे नट शेवटचे आवळले. "आता एवढंच ध्यानात ठेवा. अर्धा तास चालवलंत की थांबा, आणि डावीकडचे बाराही नट पुन्हा आवळून बघा. नवे स्टड पहिल्या धावेत जरा बसतात. थांबल्याशिवाय राहू नका."

"थांबू, थांबू," मावशी गाडी सुरू करत म्हणाली.

गाडी रस्त्याला लागली. ओल्या पोत्यांतून वारा शिरला, जाळ्यांतून आत गेला, आणि थोड्याच वेळात भिंगरीला पाठीत जाणवलं, की गाणं खाली उतरतंय. उंच, पातळ सूर पुन्हा जाड झाला, पुन्हा 'म्म्म' झाला. धुकं कुठेच नव्हतं. रस्ता आता लांबवर दिसत होता, आणि जेवढा दिसत होता त्याच्याही पुढे होता.

मग एका वळणावर डोंगरउतार समोर आला, आणि त्याच्यावर बाग. सगळी पांढरी. कुणीतरी ढग वाळत घातला आहे असं वाटत होतं. मावशीचा पाय आपोआप जोरात दाबला गेला.

"ती बघ! आता काय, दहा मिनिटं."

भिंगरीनं घड्याळाकडे पाहिलं. अर्धा तास होऊन गेला होता.

"मावशी, थांब."

"अगं, दिसतेय की बाग. पोचल्यावर बघू नट. आत्ता कुठे त्या शांत झाल्यात."

"उतार पुढे आहे. थांब ना."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं रस्त्याकडेच्या एका झाडाच्या सावलीत गाडी घेतली आणि हातब्रेक ओढला.

भिंगरीनं सीटखालून पाना काढला. तो तिच्या हाताहून लांब होता. ती उतरून मागच्या चाकासमोर गुडघे टेकून बसली. वरच्या नटावर पाना बसवला, दोन्ही हातांनी जोर लावला. नट हलला नाही. मग बरोबर त्याच्या समोरचा. तो हलला, अगदी नखाएवढा, आणि थांबला. मागे, डोक्याच्या वर, बारा पेट्या गात होत्या. ती घाई न करता एकेक नट घेत गेली, समोरासमोर, समोरासमोर.

"झालं का गं?" मावशीनं आतून विचारलं.

"अर्धं," भिंगरी म्हणाली, आणि पाना दोन्ही हातांनी उचलून पुढच्या चाकाकडे गेली.